सांतियागो रामोन इ काहाल

सांतियागो रामोन इ काहाल (१ मे, इ.स. १८५२: पेतिया दे आरागोन, स्पेन - १७ ऑक्टोबर, इ.स. १९३४: माद्रिद, स्पेन) हे स्पॅनिश ऊतिशास्त्रज्ञ आणि आधुनिक चेताविज्ञानाचे एक संस्थापक होते. चेतासंस्था हे अखंड जाळे नसून ती स्वतंत्र पेशींची बनलेली आहे, असे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले. या कार्यासाठी इ.स. १९०६ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक त्यांना इटलीचे कामिल्लो गोल्जी यांच्यासह विभागून मिळाले. वाढत्या चेतातंतूला रासायनिक पदार्थ वाट दाखवतात, हे अनुमानही त्यांनीच विस्ताराने मांडले. मेंदूतील वृद्धिघटक आणि पेशीपटलावरील कॅल्शियम मार्गिका यांच्या संबंधांवर आज जे संशोधन चालते, त्याचे एक मूळ या अनुमानात आहे.

जीवन

काहाल यांचे वडील हुस्तो रामोन हे खेड्यापाड्यांतून व्यवसाय करणारे शल्यचिकित्सक होते व पुढे ते सारागोसा येथे शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. मुलाने वैद्य व्हावे, ही त्यांची इच्छा. मुलाला मात्र चित्रकार व्हायचे होते. हा संघर्ष बरीच वर्षे चालला. लहानपणी काहाल अतिशय खोडकर होते. अकराव्या वर्षी घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक उडवून दिल्याबद्दल त्यांना काही दिवस कोठडीत राहावे लागले. शाळेत लक्ष लागेना, म्हणून वडिलांनी त्यांना आधी एका न्हाव्याकडे व मग एका चांभाराकडे उमेदवारीला ठेवले. इ.स. १८६८ मध्ये वडिलांनी त्यांना जुन्या दफनभूमीत नेऊन मानवी हाडांचा अभ्यास सुरू केला. हाडांची रेखाटने करता करता मुलाला शरीररचनाशास्त्राची गोडी लागली आणि वडिलांचा हेतू साध्य झाला. चित्रकलाही सुटली नाहीच; पुढे तीच त्यांच्या संशोधनाचे प्रमुख साधन ठरली.

इ.स. १८७३ मध्ये सारागोसा येथून वैद्यकाची पदवी घेतल्यावर ते सैन्यात दाखल झाले. पुढल्या वर्षी त्यांची नेमणूक क्युबात झाली. तेथे हिवताप व आमांशाने ते खंगले आणि इ.स. १८७५ मध्ये मायदेशी परतले. इ.स. १८७७ मध्ये त्यांनी माद्रिदमधून डॉक्टरेट मिळवली. पाठोपाठ क्षयरोगाने गाठले, परंतु त्यातूनही ते बरे झाले. इ.स. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास गार्सिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला सात अपत्ये झाली.

इ.स. १८८३ मध्ये ते वॅलेन्सिया येथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. इ.स. १८८५ मध्ये शहरात पटकीची साथ आली असता त्यांनी त्या रोगावर काम केले. त्याबद्दल सारागोसाच्या प्रांतिक शासनाने त्यांना झाइस कंपनीचा सूक्ष्मदर्शक भेट दिला. तोवर ते साध्या उपकरणावर काम भागवीत होते.

चेतापेशी सिद्धान्त

इ.स. १८८७ मध्ये माद्रिदच्या भेटीत लुईस सिमारो या वैद्याने काहाल यांना गोल्जी यांच्या पद्धतीने रंगवलेले मेंदूचे छेद दाखवले. गोल्जी यांनी इ.स. १८७३ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट वापरून ही पद्धत शोधली होती. तिच्यात हजारोंपैकी मोजक्याच पेशी रंगतात, परंतु ज्या रंगतात त्या आपल्या सर्व शाखांसह काळ्याभोर दिसतात. मेंदूसारख्या दाट अरण्यात सगळीच झाडे रंगली असती, तर एकही झाड नीट दिसले नसते. पद्धत लहरी होती आणि फारसे कोणी तिच्या वाटेला जात नव्हते. त्याच वर्षी बार्सिलोना येथे रुजू झालेल्या काहाल यांनी दुहेरी रंजन करून ती सुधारली आणि प्रौढ प्राण्यांऐवजी भ्रूण व नवजात पिल्ले निवडली. त्यांच्या चेतातंतूंवर अद्याप मेदाचे आवरण चढलेले नसल्याने तंतू शेवटपर्यंत रंगत असत.

इ.स. १८८८ मध्ये पक्ष्यांच्या अनुमस्तिष्काचे छेद तपासताना तंतूंची टोके मोकळी संपतात, एकमेकांत विलीन होत नाहीत, असे त्यांना आढळले. निष्कर्ष छापण्यासाठी त्यांनी पदरमोड करून एक त्रैमासिक काढले. स्पॅनिश भाषेतील त्या लेखांकडे युरोपचे लक्ष जाईना, तेव्हा इ.स. १८८९ मध्ये ते आपल्या काचपट्ट्या घेऊन बर्लिनमधील शरीररचनाशास्त्रज्ञांच्या अधिवेशनास गेले. ज्येष्ठ ऊतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फॉन कोलिकर यांना त्या पट्ट्या पाहून खात्री पटली आणि काहाल यांचे नाव सर्वतोमुखी झाले. इ.स. १८९१ मध्ये विल्हेल्म वाल्डायर यांनी चेतापेशीला न्यूरॉन हे नाव दिले. गोल्जी मात्र अखेरपर्यंत जाळ्याच्याच मताचे राहिले. नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातही त्यांनी चेतापेशी सिद्धान्तावर टीका केली. ज्याच्या रंजनपद्धतीवर शोध उभा राहिला, त्यालाच तो शोध अमान्य असावा, असा प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

वृद्धिशंकू आणि रासायनिक आकर्षण

इ.स. १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या मेरुरज्जूत काहाल यांना वाढत्या अक्षतंतूच्या टोकाशी शंकूसारखा फुगीर भाग दिसला. त्याला त्यांनी वृद्धिशंकू असे नाव दिले. किल्ल्याचे दरवाजे फोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओंडक्याशी त्यांनी त्याची तुलना केली. मात्र हा ओंडका मऊ, सजीव आणि अडथळे बाजूला सारीत पुढे जाणारा होता. काहाल यांच्यासमोर होत्या त्या मृत, रंगवलेल्या पेशी. त्यांत हालचाल दिसणे शक्य नव्हते. वेगवेगळ्या वयांच्या भ्रूणांचे छेद शेजारी ठेवून त्यांनी ती मनाने जोडली. काचपात्रात वाढणारा जिवंत चेतातंतू अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी इ.स. १९०७ मध्ये पाहिला आणि काहाल यांचे म्हणणे खरे ठरले.

हा शंकू नेमक्या जागी कसा पोहोचतो, हा पुढचा प्रश्न होता. पांढऱ्या रक्तपेशी विशिष्ट रसायनांकडे ओढल्या जातात, हे त्या सुमारास ज्ञात झाले होते. दृष्टिपटलावरील इ.स. १८९२ च्या लेखनात काहाल यांनी चेतातंतूही असेच ओढले जात असावेत, असे सुचवले. पुढे तुटलेल्या चेतांवरील प्रयोगांत त्यांना दिसले की, वरच्या टोकातून फुटलेले तंतू खालच्या टोकाकडे जणू बोलावल्यासारखे जातात. त्यांचे शिष्य होर्हे फ्रान्सिस्को तेयो यांनी इ.स. १९११ मध्ये सशाच्या मेंदूत परिघीय चेतेचा तुकडा बसवला असता मेंदूतील तंतू त्यात शिरले. हे सर्व काम चेतासंस्थेचा ऱ्हास व पुनरुत्पादन या विषयावरील इ.स. १९१३-१४ च्या दोन खंडांत संकलित झाले. प्रौढ मेंदूत चेतामार्ग पक्के झालेले असून तुटल्यावर ते पुन्हा वाढत नाहीत, असा कठोर निष्कर्ष काहाल यांनी काढला, पण हा नियम बदलता येईल का याचा शोध भावी संशोधकांवर सोपवला.

ते पदार्थ कोणते, हे त्यांच्या हयातीत कळले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर काही काळ तर रासायनिक आकर्षणाची कल्पनाच मागे पडली. पाउल वाइस यांच्यासारखे प्रभावी संशोधक तंतूंना पृष्ठभागाचा आधारच दिशा देतो, असे मानीत. इ.स. १९५० च्या दशकात रिता लेवी-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी चेतावृद्धिघटक वेगळा केला, त्यांना इ.स. १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या घटकाच्या स्रोताकडे वृद्धिशंकू वळतात, हेही इ.स. १९७९ मध्ये काचपात्रात दिसून आले. इ.स. १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून बीडीएनएफ हा चेतापोषक घटक मिळाला.

शंकू वळतो कसा, याच्या उत्तरात कॅल्शियमला मोठे स्थान आहे. पेशीबाहेर कॅल्शियम आयनांचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. त्यामुळे पटलावरील मार्गिका क्षणभर उघडली तरी आत मोठा बदल होतो. बीडीएनएफ ट्रक-बी या ग्राही प्रथिनाला चिकटला की पेशीत संदेशांची साखळी सुरू होते. तिच्यामुळे काही कॅल्शियम मार्गिका उघडतात आणि पेशीतील साठ्यांमधूनही कॅल्शियम बाहेर पडते. शंकूच्या एका बाजूस ते पुरेसे वाढले, तर शंकू त्या बाजूला वळतो. वाढ फारच थोडी असेल, तर उलट दिशेला. हा परिणाम काही मिनिटांत दिसतो. दुसरा परिणाम संथ असतो: वृद्धिघटकाच्या दीर्घ सान्निध्यात चेतापेशी नव्या मार्गिका तयार करून पटलावर बसवतात. उलटपक्षी एल-प्रकारच्या मार्गिकांतून आत आलेले कॅल्शियम बीडीएनएफचे जनुक कार्यान्वित करते. मार्गिका आणि वृद्धिघटक असे एकमेकांना चालना देतात. कॅल्शियमचा विद्युत्प्रवाह प्रथम इ.स. १९५३ मध्ये, कवचधारी प्राण्यांच्या स्नायूत आढळला, हे ध्यानात घेतल्यास काहाल यांचे अनुमान किती आधीचे होते, हे लक्षात येते.

उत्तरायुष्य

इ.स. १८९२ पासून काहाल माद्रिद विद्यापीठात प्राध्यापक होते. इ.स. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना क्रूनियन व्याख्यानासाठी निमंत्रित केले. पिओ देल रिओ होर्तेगा, फर्नांदो दे कास्त्रो आणि राफाएल लोरेन्ते दे नो हे त्यांचे नामवंत शिष्य होत. छायाचित्रणाचाही त्यांना छंद होता. रंगीत छायाचित्रणावर त्यांनी इ.स. १९१२ मध्ये पुस्तक लिहिले. इ.स. १९३० मध्ये पत्नीचे निधन झाले. त्यानंतरही त्यांचे लेखन थांबले नाही. जाळे की स्वतंत्र पेशी, या जुन्या वादावरील त्यांचे शेवटचे मोठे लेखन इ.स. १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची रेखाटने व काचपट्ट्या माद्रिदमध्ये जतन केलेल्या असून, त्यांच्या व त्यांच्या शिष्यांच्या संग्रहाचा इ.स. २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश झाला.