आल्प्स ओलांडला, पण पंखांनी दगा दिला : वैमानिक होर्हे चावेझ

तारीख २३ सप्टेंबर १९१०. स्वित्झर्लंडमधल्या ब्रिग गावाजवळच्या माळावरून दुपारी एक छोटं विमान उडालं. चालवणारा पोरगा २३ वर्षांचा, एकटाच. समोर आल्प्सचा डोंगर. तोपर्यंत विमानातून आल्प्स कुणीच ओलांडलेला नव्हता.

होर्हे चावेझचे आईवडील दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचे. त्याचा जन्म मात्र १८८७ साली पॅरिसचा. घरची परिस्थिती चांगली, खेळात तरबेज, शिक्षण इंजिनिअरचं. विमान चालवायला तो १९१० च्या सुरुवातीला शिकला आणि त्याच वर्षी ८ सप्टेंबरला २,६५२ मीटर उंच जाऊन जगातला विक्रम केला. म्हणजे वर्षसुद्धा झालं नव्हतं बघा!

त्याच वेळी इटलीतल्या मिलान शहरातल्या मंडळींनी आल्प्स ओलांडून मिलानला येणाऱ्याला मोठं बक्षीस लावलं होतं. वाट सिम्प्लॉन खिंडीवरून, खिंडच २,००५ मीटर उंच. चावेझनं आधी एकदा प्रयत्न केला, पण डोंगरातलं वारं बघून माघारी फिरला. शहाणपणच केलं म्हणायचं. पण हवा रोजच खराब, मुदत संपत आलेली, लोक वाट बघतायत. शेवटी २३ तारखेला तो निघालाच.

आता विमान कसलं होतं ते समजून घ्या. ब्लेरिओ अकरा नावाचं, एका पंखजोडीचं. लाकडाचा सांगाडा, वर कापड, ५० हॉर्सपॉवरचं इंजिन. आपला मधला ट्रॅक्टरही एवढ्या ताकदीचा असतो. पंख जागेवर राहायचे ते तारांच्या ताणावर. विजेच्या खांबाला किंवा द्राक्षाच्या मांडवाला आपण ताण देतो, तसेच पंखांना वरून अन् खालून ताण. उडताना हवा पंख वर उचलते, तेव्हा खालच्या तारा ओढ धरतात. वाऱ्याचा झोत वरून दाबायला लागला की सगळा भार वरच्या तारांवर. मांडवाचा एक ताण ढिला झाला की पुढं काय होतं ते बागवाल्याला सांगायला नको.

आणि धोका कुणाला माहीत नव्हता असंही नाही. त्याच वर्षी जानेवारीत फ्रान्समध्ये बोर्दोजवळ लिऑन देलाग्रांज नावाचा नामवंत वैमानिक असल्याच ब्लेरिओ विमानाचा पंख मोडून गेला होता.

चावेझ खिंड ओलांडून गोंडोच्या अरुंद दरीतून गेला. दरीत वारं विमानाला खालीवर आपटत होतं, थंडी अंग गोठवणारी. तरी सुमारे ४० मिनिटांत तो इटलीतल्या दोमोदोस्सोलाच्या मैदानावर आला. खाली माणसं जमलेली. आल्प्स ओलांडून झाला होता, फक्त उतरायचं राहिलं होतं. जमीन अगदी जवळ आली आणि पंख मिटले. विमान सरळ खाली आदळलं. दरीतल्या धक्क्यांनी सांगाडा आधीच खिळखिळा झाला असावा, असं मानलं जातं.

पोरगा जिवंत निघाला. दोन्ही पाय मोडलेले. दवाखान्यात नेलं, वाचेल असंही वाटत होतं, पण चार दिवसांनी, २७ सप्टेंबरला तो गेला.

असल्या विमानांचे पंख त्यानंतरही मोडत राहिले. १९१२ साली खुद्द लुई ब्लेरिओनं फ्रान्स सरकारला कळवलं की पंखांवर वरून येणारा दाब आपण कमी धरला, वरच्या तारा मजबूत करायला पाहिजेत. ज्यानं विमान बनवलं त्यानंच असं कळवायचं, ही साधी गोष्ट नाही. फ्रान्सच्या लष्करानं दुरुस्ती होईपर्यंत एकपंखी विमानं उडवणं थांबवलं. चावेझला जाऊन तोवर दीड वर्ष होत आलं होतं.

पेरूनं त्याला आपला वीर मानला. १९५७ साली त्याचे अवशेष पेरूला नेण्यात आले. राजधानी लिमाच्या विमानतळाला आज त्याचंच नाव आहे.