गोविंद बल्लाळ देवल : नाटककाराचा हेतू

पुस्तक हाती आले म्हणजे त्यात काय सांगितले आहे, हे आपण पाहतो. परंतु ते का सांगितले आहे, हे विचारण्याची सवय फार थोड्यांस असते. ही सवय लागावी म्हणून आपल्याच भागातील एका ग्रंथकाराचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

सांगलीजवळ कृष्णा व वारणा ह्या नद्यांच्या संगमावर हरिपूर हे गाव आहे. तेथे इ. स. १८५५ साली गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म झाला. सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा आरंभ केलेला होता, त्यामुळे ह्या मुलखात नाटकाचे वारे होतेच. पुढे बेळगावास देवलांना अण्णासाहेब किर्लोस्करांसारखा गुरू लाभला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. नाटके लिहिणे व नटांस तालीम देऊन तयार करणे, ह्या दोन्ही कामांत त्यांनी लौकिक मिळविला.

देवलांनी एकंदर सात नाटके लिहिली. त्यांपैकी सहांचा मूळ आधार दुसऱ्यांचा आहे. ‘मृच्छकटिक’ व ‘विक्रमोर्वशीय’ ही संस्कृत नाटकांवरून, ‘शापसंभ्रम’ हे बाणाच्या कादंबरीवरून, ‘झुंजारराव’ हे शेक्सपियरच्या ऑथेल्लोवरून घेतलेले. आणि ‘दुर्गा’ व ‘संशयकल्लोळ’ यांचेही मूळ परभाषेतील. सर्वस्वी स्वतःचे असे नाटक त्यांनी एकच लिहिले. ते ‘शारदा’ होय. ते १८९९ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणिले. सहा वेळा दुसऱ्याच्या कथानकावर समाधान मानणारा हा लेखक सातव्या वेळी आपली स्वतंत्र कथा का रचतो, ह्या प्रश्नातच त्याचा हेतू सापडतो.

त्या काळी पैशाच्या लोभाने कोवळ्या मुली वृद्धांस देण्याची दुष्ट चाल होती. नाटकातील भुजंगनाथ हा साठी केव्हाच ओलांडलेला श्रीमंत विधुर; भद्रेश्वर दीक्षित हा त्याचा दलाल; आणि कांचनभट हा पोटची मुलगी विकावयास निघालेला बाप. मुलीची आई रडते, पण तिचे कोणी ऐकत नाही. कोदंड नावाचा तरुण वधू-वर एकाच गोत्राचे असल्याचे उघडकीस आणतो आणि ते लग्न मोडते. तरीही निराश झालेली शारदा जीव द्यावयास निघते. कोदंड तिला वाचवितो व अखेर तिचा स्वीकार करितो.

म्हाताऱ्या नवरदेवाचे नखरे पाहून प्रेक्षक पोट धरून हसत. पण जो केवळ हसून घरी गेला, त्याला नाटक अर्धेच कळले. देवलांचा खरा रोख कांचनभटावर आहे. म्हातारा मूर्ख आहे. परंतु बापाने मुलगी विकली नसती, तर त्याचा मूर्खपणा घरच्या घरीच राहिला असता. खेळ पाहावयास आलेल्या प्रत्येक बापाने आपल्या मनास विचारावे की, मी कांचनभट तर नाही ना? एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप होता.

ह्याच कृष्णाकाठी, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, देवलांच्या पाठोपाठ एका वर्षाने गोपाळ गणेश आगरकर जन्मले. बालविवाहादी चालींविरुद्ध त्यांनी १८८८ साली काढिलेल्या ‘सुधारक’ पत्रातून झुंज दिली. आगरकरांनी युक्तिवाद केला, देवलांनी कथा सांगितली. ज्यास अक्षर वाचता येत नाही, ज्यास वादाचा तिटकारा आहे, त्याच्याही काळजापर्यंत नाटक पोहोचते. हेतू एकच, परंतु श्रोता निराळा. म्हणून साधनही निराळे.

मात्र लेखकाचा हेतू ओळखताना जे त्याचे नाही ते त्याच्या पदरी बांधू नये. १९२९ साली मुलीचे वय १४ व मुलाचे १८ पूर्ण होण्यापूर्वी लग्न करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. त्यास आपल्याकडे ‘शारदा कायदा’ म्हणत; त्यामुळे तो ह्या नाटकावरून पडलेला आहे, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः ते नाव अजमेरचे हरबिलास सारडा यांच्यावरून आले. देवलांनी कायदा केला नाही. कायदा रुचावा असे मन तयार करण्यास हातभार लाविला.

१९१६ साली देवल निवर्तले. त्याच वर्षी त्यांचे ‘संशयकल्लोळ’ संगीत रूपाने रंगभूमीवर आले. त्यात फाल्गुनराव व त्याची बायको ह्यांच्या संशयी स्वभावाची गंमत आहे. त्याचा मुख्य हेतू मन रिझविणे हा आहे आणि तोही हेतू हलका नव्हे. एकाच लेखणीतून कधी हसू उतरते, कधी जाब विचारला जातो. वाचकाने ते ओळखावयाचे असते.

तर वाचकहो, कोणतेही पुस्तक वा वर्तमानपत्र वाचताना तीन गोष्टी पाहाव्या : हे कोणासाठी लिहिले आहे? लेखक आपणांस कशास हसवितो व कशासाठी रडवितो? आणि वाचून झाल्यावर आपण काय करावे, अशी त्याची इच्छा आहे? आज मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने १८ वर्षे आहे. तरीही कोवळ्या मुलींची लग्ने पुरती थांबलेली नाहीत. तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या गावी अजून द्यावयाचे आहे.