सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारलेल्या कमला सोहोनी मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक कशा झाल्या?

१९३३ साल. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीच्या परीक्षेत कमला भागवत नावाची मुलगी पहिली आली. विषय होते रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र. पुढचं शिक्षण कुठे घ्यायचं, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हताच. तिचे वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघंही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले होते. कमलानेही तिथेच अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. कारण मार्कांचं नव्हतं. अर्ज मुलीचा होता, एवढंच.

तेव्हा संस्थेच्या संचालकपदी नुकतेच आले होते सर सी. व्ही. रामन. तीन वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले, देशभर मान असलेले शास्त्रज्ञ. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. वडील आणि काकांनी विनंती करून पाहिली, पण उपयोग झाला नाही. मग कमला स्वतः बंगळुरूला गेली. केवळ मुलगी आहे म्हणून प्रवेश का नाकारता, याचं कारण तिने मागितलं आणि प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही, असं सांगून टाकलं. गांधीजींच्या सत्याग्रहांचा तो काळ. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. अन्याय दिसला की गप्प बसायचं नाही, हे त्या घरात दोघी बहिणींनी पाळलं.

प्रवेश मिळाला, पण अटींवर

शेवटी रामन तयार झाले. पण अटी घालून. पहिलं वर्ष ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नाही. वर्षभराच्या कामाचा दर्जा पाहून संचालकांचं समाधान झालं, तरच त्या कामाला मान्यता मिळेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि तिच्यामुळे संस्थेचं वातावरण बिघडता कामा नये.

या अटींचा अर्थ नीट समजून घ्या. सोबतची मुलं प्रवेश घेतल्या दिवसापासून विद्यार्थी होती. कमलाला मात्र आपण विद्यार्थी व्हायला लायक आहोत, हे आधी वर्षभर सिद्ध करायचं होतं. तेही वर्ष वाया जाऊ शकतं, हे माहीत असताना.

तिने अटी मान्य केल्या. तिचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या शिस्तीचे कडक होते, पण त्यांनी तिला मनापासून शिकवलं. दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर तिने काम केलं. गरिबाच्या ताटातलं पोषण कुठून येतं, याच्याशी थेट जोडलेला हा विषय होता. वर्ष संपलं, रामन यांचं समाधान झालं आणि १९३६ मध्ये तिने एमएस्सी पूर्ण केली.

यानंतर या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाताईंच्या मनातून ती सल मात्र गेली नाही. खूप वर्षांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या एका कार्यक्रमात त्यांनी ही हकीकत सांगितली. रामन थोर शास्त्रज्ञ होते, पण ती वागणूक आपल्याला मोठा अपमान वाटली आणि कधीच विसरता आली नाही, असं त्या म्हणाल्या.

दार उघडलं म्हणजे पुढचा रस्ता मोकळा झाला, असंही नव्हतं. १९४० मध्ये रामन यांच्याच प्रयोगशाळेत आलेल्या अॅना मणी यांनी हिरे आणि माणकांवर संशोधन केलं, प्रबंध लिहून मद्रास विद्यापीठाला दिला. एमएस्सी नाही, हे कारण देऊन त्यांना पीएचडी नाकारण्यात आली. पुढे भारतीय हवामानशास्त्रात त्यांनी मोठं नाव कमावलं, ते या पदवीशिवाय.

केंब्रिज आणि बटाटा

कमलाताई शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते नोबेल विजेते फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. त्यांच्या विभागात स्त्रियांना संशोधनाची संधी मिळायची. कमलाताईंनी आधी डेरेक रिश्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासोबत काम केलं.

हिल यांच्याकडे त्यांचा विषय होता वनस्पतींच्या पेशी. बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी हे प्रथिन सापडलं. पेशीत ऊर्जा तयार होताना इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवण्याचं काम ते करतं. प्राण्यांच्या पेशींमध्ये ते असतं, हे माहीत होतं. वनस्पतींमध्येही श्वसनाची ही यंत्रणा चालते, हे कमलाताईंनी दाखवलं. प्रबंध होता जेमतेम ४० पानांचा. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, असा त्यांचा उल्लेख नेहमी होतो. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डीएस्सी दिली होती. त्यामुळे ‘पहिली’ हा शब्द जपून वापरलेला बरा.

आणखी एक गंमत. केंब्रिजने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली १९४८ मध्ये. त्याआधी स्त्रियांना मिळायची ती नावापुरती पदवी, विद्यापीठाच्या कारभारात मत नसलेली. म्हणजे बंगळुरूत वर्षभर अर्धी विद्यार्थिनी, आणि केंब्रिजमध्ये पदवीसुद्धा अर्धीच!

पुन्हा पुन्हा सुरुवात

परदेशात राहण्याची संधी असूनही त्या १९३९ मध्ये परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि कुन्नूरची नोकरी सोडून त्या मुंबईला आल्या.

अनेकींचं संशोधन अशा वळणावर थांबतं. कमलाताईंनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र विभागात नव्याने सुरुवात केली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायकांना या स्वस्त पेयातून जीवनसत्त्वं आणि लोह मिळू शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचं संचालकपद मात्र अंतर्गत राजकारणामुळे रखडलं. मिळालं, पण उशिरा.

निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. मुंबईत १९६६ मध्ये सुरू झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या त्या संस्थापकांपैकी एक. या संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात त्या सामान्य ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्याच कार्यक्रमात त्या कोसळल्या आणि काही दिवसांतच त्यांचं निधन झालं.

मुलींनी विज्ञानाकडे, इंजिनिअरिंगकडे वळावं म्हणून आज आपण प्रवेशाचे आकडे मोजतो. कमलाताईंच्या आयुष्यात प्रवेशाची लढाई काही दिवसांची होती. त्यानंतर वर्षभराची परीक्षा, अर्धी पदवी, बदललेलं गाव आणि रखडलेलं पद, हे सगळं दार उघडल्यानंतरचं आहे. किती मुली आत आल्या हे मोजताना, आत आल्यावर त्यांच्यापैकी कितीजणींना अजून ‘आधी सिद्ध कर’ असं सांगितलं जातं, हेही विचारायला हवं.