गोधनाचा धनी : ग्रॅनव्हिल स्टुअर्ट

जनावर पाळणे म्हणजे केवळ ते आपल्या मालकीचे असणे नव्हे. ज्याच्या दावणीला ते आहे, त्याच्यावर त्याच्या चाऱ्याचा, पाण्याचा आणि निवाऱ्याचा भार येतो, हे आपल्याकडील खेडुताला कोणी शिकवावे लागत नाही. अमेरिकेच्या माँटाना प्रांतातील एका विख्यात पशुपालकाला मात्र हाच धडा फार मोठे मोल देऊन घ्यावा लागला. म्हणूनच त्यांचे चरित्र मननीय आहे.

ग्रॅनव्हिल स्टुअर्ट यांचा जन्म २७ ऑगस्ट १८३४ रोजी क्लार्क्सबर्ग येथे झाला. हे गाव त्या वेळी व्हर्जिनियात होते. आज ते वेस्ट व्हर्जिनिया राज्यात आहे. बालपण आयोवात गेले. पुढे कॅलिफोर्नियातील सोन्याची कीर्ती ऐकून १८५२ मध्ये ते व त्यांचे वडील बंधू जेम्स तिकडे गेले. १८५७ मध्ये घरी परतत असता ग्रॅनव्हिल वाटेत आजारी पडले. बरे झाल्यावर पुढचा मार्ग निर्धोक राहिला नव्हता, म्हणून मंडळी उत्तरेकडे वळली. अशा रीतीने माँटानाची भूमी त्यांच्या वाट्यास आली. १८५८ मध्ये तेथील एका ओढ्यात या बंधूंना सोन्याचे कण सापडले.

त्या निर्जन प्रदेशात त्यांना सर्वांत मोठी उणीव भासली ती ग्रंथांची. एका दूरच्या खोऱ्यात कोणापाशी पुस्तकांची पेटी आहे असे कळताच ते सुमारे १५० मैल घोड्यावरून गेले आणि पाच ग्रंथ प्रत्येकी पाच डॉलरांस घेऊन आले. त्यासाठी जवळच्या पैशांपैकी निम्मे खर्ची पडले. ही विद्येची ओढ जन्मभर टिकली. १८६५ मध्ये त्यांनी माँटानाचे वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला व त्याला तेथील आदिवासींच्या भाषेचा कोश जोडला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या माँटानाच्या इतिहास संस्थेच्या संस्थापकांतही ते होते.

१८६२ मध्ये त्यांनी शोशोनी जमातीतील ऑबोनी या स्त्रीशी विवाह केला. सार्वजनिक कार्यातही ते पडले. प्रांताच्या विधिमंडळात ते अनेकदा निवडून गेले आणि १८८३ मध्ये वरिष्ठ सभेचे अध्यक्ष झाले.

१८७९ मध्ये डेव्हिस व हाउझर या धनिकांच्या भागीदारीत त्यांनी पशुपालनाचा व्यवसाय आरंभिला. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्यास डी. एच. एस. हे नाव पडले. ही गुरे मांसासाठी बाजारात जात. गोभक्ताच्या मनाला ही गोष्ट क्लेश देते. परंतु ती लपवून चरित्र सांगणे सत्याला धरून होणार नाही. व्यवसायाची रीत अशी की, गुरे मोकळ्या कुरणांवर सोडावीत, त्यांनी हिवाळ्यातही बर्फाखालचे वाळके गवत उकरून खावे आणि मालकाने गंज रचू नये, गोठा बांधू नये. १८८० मध्ये त्या रानांत गव्यांचे कळप होते. १८८३ पर्यंत ते जवळजवळ नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी, स्टुअर्ट यांच्याच अंदाजाने, ६ लाख गुरे आली.

१८८४ मध्ये घोडेचोरांचा उपद्रव वाढला. पशुपालकांच्या सभेत स्टुअर्ट यांनी उघड मोहिमेस विरोध केला. पण त्याच उन्हाळ्यात त्यांच्याच नेतृत्वाखाली एका गुप्त टोळीने न्यायालयाची पायरी न चढता अनेकांना ठार मारले. कायदे करणाऱ्या सभेत बसणाऱ्या पुरुषाने कायदा हाती घ्यावा, हा त्यांच्या चरित्रावरील डाग आहे.

यानंतर निसर्गाने हिशेब मागितला. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. कुरणांवर भाराबाहेर गुरे, गवत आखूड, कित्येक ठिकाणी वणवे. त्यानंतरच्या हिवाळ्यात हिमवादळांमागून वादळे आली. बर्फाचा थर कठीण झाला आणि उपाशी गुरे उभ्या जागी गोठून मेली. वसंतात बर्फ वितळले, तेव्हा ओहोळांतून सर्वत्र सांगाडे दिसू लागले. स्टुअर्ट यांच्या कळपांतील अर्ध्याहून अधिक गुरे गेली. द्रव्यहानी मोठी होती. पण त्याहून मोठा आघात मनावर झाला. ज्याला आपण खाऊ घालू शकत नाही व आसरा देऊ शकत नाही, असे जनावर पुन्हा कधी पाळावयाचे नाही, असा निश्चय करून त्यांनी तो व्यवसाय मनातून कायमचा टाकला.

येथे चरित्र संपते तर ते बोधकथा ठरले असते. १८८८ मध्ये ऑबोनी निवर्तली. १८९० मध्ये त्यांनी एका शिक्षिकेशी दुसरा विवाह केला आणि पहिल्या पत्नीची धाकटी मुले मिशनच्या शाळेत ठेवली. त्यांच्याशी संबंध विरळ झाले. जो आश्रय जनावराला देणे त्यांना अवश्य वाटले, तोच पोटच्या लेकरांना देण्यात ते उणे पडले.

१८९४ मध्ये ते उरुग्वे व पॅराग्वे या देशांत अमेरिकेचे वकील म्हणून गेले आणि १८९८ पर्यंत त्या पदावर होते. उतारवयात ब्यूट येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ते ग्रंथपाल झाले. पाच पुस्तकांसाठी १५० मैल जाणारा तरुण अखेर ग्रंथांच्याच सान्निध्यात आला. २ ऑक्टोबर १९१८ रोजी मिझुला येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या आठवणी १९२५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाल्या.

स्टुअर्ट यांना आपण साधू म्हणणार नाही. परंतु एका भीषण वसंतात त्यांना जे उमगले, ते कोणत्याही गोशाळेच्या दारावर कोरून ठेवण्याजोगे आहे. पाळणारा तोच, जो अवघड दिवसांत दार उघडतो. ते दार आपल्या घरातील माणसांसाठीही उघडे आहे ना, एवढे प्रत्येकाने पाहावे.