पंडिता रमाबाई : एक तितिक्षाचरित्र

पंडिता रमाबाई यांच्या चरित्राचा विचार आपल्याकडे प्रायः दोन अंगांनी झाला आहे. एक समाजसुधारणेचे, दुसरे धर्मांतराच्या वादाचे. या दोहोंच्या गदारोळात त्यांच्या जीवनाला आतून धरून ठेवणारे सूत्र मात्र दुर्लक्षित राहिले. ते सूत्र म्हणजे दुःख सोसण्याची त्यांची रीत. ख्रिस्ती श्रद्धेने त्यांचे दुःख हरण केले, असा एक समज भाविक चरित्रकारांनी रूढ केला. वस्तुस्थिती तशी नाही. बाप्तिस्म्यानंतरही दुःखे आलीच; बदलली ती त्यांना सामोरे जाण्याची वृत्ती. प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि मातेने ते कन्येला दिले. पुराणे सांगत तीर्थाटन करणाऱ्या या कुटुंबाला पुढे दुष्काळाने गाठले. पिता, माता आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली भावंडे, श्रीनिवास आणि रमा, अर्धपोटी, बहुतांशी पायी देश तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वत्सभेने रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाहही अल्पायुषी ठरला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले, तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही नव्हती. वयाची चोविशी गाठण्यापूर्वीच जवळचे सारे आप्त हिरावले गेले होते.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली आणि १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने इंग्लंड गाठले. श्रवणदोषामुळे तो हेतू सफल झाला नाही. वाँटेज येथील भगिनींच्या मठात सहप्रवासी आनंदीबाई भगत यांनी आत्मघात केला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी तेथील भगिनी करीत असलेली सेवा आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा यांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला होता. तथापि हा स्वीकार प्रथमतः बुद्धीचा होता. ख्रिस्ताशी अंतरंगाचा संबंध जडण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली, हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत नमूद केले आहे. धीराने वाट पाहण्याचा हा पहिला पाठ होय.

दुसरा पाठ एकाकीपणाचा. स्वदेशीयांनी त्यांना परधर्मात गेलेली मानले, तर आंग्ल धर्मगुरूंना त्यांची चिकित्सक वृत्ती उद्धट वाटली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढल्या वर्षी पुण्यास हलविलेले शारदा सदन धर्माबाबत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली आपखुशीने बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, सल्लागार मंडळातील सुधारक दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी प्रार्थनेचे दार लावून घेतले नाही आणि सदनही बंद केले नाही. येथे एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. त्यांची सहनशीलता म्हणजे मौन नव्हे. १८९७ च्या प्लेगात सरकारी व्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी वृत्तपत्रातून उघड तक्रार केली. स्वतःवरील आघात सोसावा, दुसऱ्यावरील मात्र सोसू नये, असा हा विवेक होता.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे स्त्रिया व मुली सोडवून आणल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दुष्काळात आईबाप गमावलेली मुलगी आता दुष्काळग्रस्तांची आई झाली होती. भोगलेल्या दुःखाचे असे सेवेत रूपांतर होणे, हाच त्यांच्या श्रद्धेचा खरा अर्थ म्हणता येईल.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे अखेरचे कार्य, हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर. या भाषा त्यांनी उत्तरायुष्यात परिश्रमपूर्वक हस्तगत केल्या. ज्या संस्कृताने त्यांना कीर्ती दिली, त्याच्या अलंकृत शब्दकळेचा त्यांनी येथे हेतुतः त्याग केला, कारण वाचक म्हणून त्यांच्यासमोर खेड्यातील अल्पशिक्षित स्त्री होती. छपाईचे कामही मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले. भाषांतर काही ठिकाणी ओबडधोबड आहे आणि मराठी चर्चमध्ये ते सर्वमान्यही झाले नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु पंडितेने आपले पांडित्य बाजूला ठेवावे, हा त्याग शैलीच्या निकषावर मोजण्याजोगा नाही.

या कामाच्या अखेरच्या टप्प्यात, जुलै १९२१ मध्ये, संस्थेची उत्तराधिकारी म्हणून जिच्याकडे पाहिले जात होते ती मनोरमा चाळिसाव्या वर्षी निवर्तली. रमाबाईंनी मुद्रिते तपासणे सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. काम पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केल्याची आठवण मुक्तिसदनात सांगितली जाते. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

दुःखाचे कारण त्यांना गवसले असे त्यांचे चरित्र सांगत नाही. हाती घेतलेले काम मात्र दुःखाने थांबू दिले नाही, एवढे ते निश्चित सांगते. ख्रिस्ती तितिक्षेचा मराठीतील इतका सघन दाखला विरळाच. त्याचे वाङ्मयीन मूल्यमापन अद्याप व्हावयाचे आहे.