मुकुट चढवणारे घराणे : आशोत बाग्रातुनी याचे चरित्र

वाचकहो, आपल्याकडे सोयरीक जमवताना पहिला प्रश्न खानदानाचा निघतो. घरातले एखादे वडीलधारे माणूस ट्रंकेतून कापडात गुंडाळलेला शजरा काढते आणि बोट ठेवून सांगू लागते की हे आमचे पणजोबा, हे त्यांचे वालिद. नववीच्या वर्गात एकदा एका मुलाने मला विचारले होते, "सर, ज्याचा शजरा लांब, तो मोठा का?" मी त्याला तिथल्या तिथे उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो आहे, पण एका दूरच्या देशातल्या, परधर्मीय घराण्याच्या हकीगतीतून. ते घराणे आर्मेनियाचे बाग्रातुनी, आणि माणूस आशोत, ज्याला त्याचे लोक 'थोर आशोत' म्हणतात.

काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या दक्षिणेला डोंगराळ, थंड असा हा आर्मेनिया देश. चौथ्या शतकाच्या आरंभीच तिथल्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पुढे 428 मध्ये राजपद बुडाले, पण सरदार घराणी राहिली. आपल्याकडे जशी देशमुखी, पाटीलकी आणि त्यांबरोबर येणारे मानपान, तशीच तिथेही प्रत्येक घराण्याकडे एक वंशपरंपरागत मान असे. मामिकोनियान घराण्याकडे सेनापतीपद होते. बाग्रातुनींकडे नव्या राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवण्याचा मान होता. राजे संपले तरी तो मान कागदोपत्री राहिला. साडेचार शतके मुकुट चढवणारा होता, पण ज्याच्यावर चढवायचा तो राजा नव्हता!

या घराण्याचा शजरा मोठा गमतीचा आहे. इतिहासकार मोव्सेस खोरेनात्सी याने लिहिले की त्यांचा मूळ पुरुष बाबिलोनच्या बादशहाने कैद करून आणलेला एक यहुदी होता. पुढे याच घराण्याची जी शाखा जॉर्जियात गेली, तिने तर थेट हजरत दाऊदपर्यंत वंश नेऊन भिडवला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खोरेनात्सीने आपला ग्रंथ ज्याला अर्पण केला, तो सरदार स्वतः बाग्रातुनीच होता! आजचे संशोधक या कथेवर विश्वास ठेवत नाहीत. बाग्रात हे नाव जुन्या इराणी भाषेतले असून त्याचा अर्थ 'देवाने दिलेला' असा आहे. आपल्याकडे खुदाबक्ष किंवा देवदत्त असतात, तसेच. म्हणजे घराणे तिथल्याच मातीतले.

सातव्या शतकात अरबांचे राज्य आले. सुरुवातीचे करार उदार होते. द्विन शहराला, ज्याला अरब दबील म्हणतात, जीविताची, मालमत्तेची आणि प्रार्थनास्थळांची हमी दिल्याचे बलाज़ुरीने नोंदवले आहे. पण पुढच्या काळात वसुली वाढत गेली आणि बंडे होऊ लागली. 775 मध्ये बाग्रेवांदच्या लढाईत बंडखोर सरदारांचा पुरता मोड झाला आणि त्यांत आशोतचा पणजा सुंबात मारला गेला. मामिकोनियान घराणे त्या तडाख्यातून पुन्हा कधी सावरले नाही.

सुंबातचा मुलगा आशोत हा आपल्या चरित्रनायकाचा आजा. उपवासाच्या दिवसांतही मांस खात असल्यामुळे त्याला 'मांसखाऊ' असे टोपणनाव पडले होते. पण माणूस हिशेबी. त्याच्या मुलखात चांदीच्या खाणी होत्या. बुडत्या कामसाराकान घराण्याकडून त्याने शिराक आणि आर्शारुनिक हे प्रांत तलवारीने न घेता पैसे मोजून विकत घेतले. खलिफा हारून रशीद याच्या काळात त्याला आर्मेनियाचा प्रमुख सरदार म्हणून मान्यता मिळाली. त्याच्या कुळातली आरुस्याक ही मुलगी सवादा नावाच्या अरब अमिराला दिलेली होती. तेव्हा अरब आणि आर्मेनियन म्हणजे नुसते एकमेकांचे वैरी, असे चित्र मनात धरू नका. लढायाही होत आणि सोयरिकीही होत.

826 मध्ये हा आजा वारला. त्याला दोन मुलगे होते. बाग्रातकडे सरदारांचे प्रमुखपद गेले, सुंबातकडे सेनापतीपद. हा धाकटा सुंबात आपल्या आशोतचा बाप. दोघां भावांचे पटत नसे.

आता दुःखाचा भाग येतो. 851 मध्ये अरब सुभेदार युसुफ याने बाग्रातला बोलावून कैद केले आणि खलिफाची राजधानी समर्रा येथे पाठवले. चिडलेल्या सासूनच्या डोंगरी लोकांनी पुढच्याच वर्षी युसुफला ठार केले. खलिफा मुतवक्किलने बदला घेण्यासाठी बुघा या तुर्की सेनापतीला फौज देऊन धाडले. बुघाने तीन वर्षे तो मुलूख जाळला. ही लढाई धर्मासाठी होती असे कोणी सांगितल्यास त्याला तिफ्लिसची हकीगत सांगा. 853 मध्ये बुघाने तिफ्लिस जाळले, आणि तिथला ज्याचा शिरच्छेद झाला तो अमीर इसहाक मुसलमानच होता. प्रश्न हुकुमाचा आणि खजिन्याचा होता.

सेनापती सुंबातने बुघाशी सहकार्य केले. मुलूख वाचावा, घर वाचावे, असा त्याचा हिशेब असावा. 855 मध्ये बुघा परत निघाला तेव्हा इतर सरदारांबरोबर त्याने सुंबातलाही समर्राला नेले. तिथे या कैद्यांवर धर्म बदलण्यासाठी दबाव आला. अनेकांनी वरवर होकार देऊन जीव वाचवला. सुंबातने दिला नाही, आणि तो कैदेतच मेला. त्याच्या लोकांनी त्याला 'साक्ष देणारा' हे नाव दिले. वाचकहो, धर्माच्या बाबतीत सक्ती नसावी हे आपण आपल्या मुलांना शिकवतो. तेव्हा मुतवक्किलच्या दरबाराने येथे चूक केली, हे मुसलमान म्हणून आपणच आधी म्हटले पाहिजे.

चुलता कैदेत, बाप कैदेत, मुलूख जळालेला, अशा वेळी पस्तिशीच्या आसपास असलेल्या आशोतकडे सेनापतीपद आले. उंच, रुंद खांद्यांचा, दाट काळ्या भुवयांचा असे त्याचे वर्णन पुढच्या पिढीतल्या इतिहासकाराने करून ठेवले आहे. त्याने काय करावे असे तुम्हाला वाटते? मी वर्गात हा प्रश्न विचारला तर निम्मी मुले म्हणतील, तलवार काढावी. त्याच्या पणज्याने तेच केले होते. त्याने सहकार्य करावे म्हणाल, तर बापाने ते केले होते. दोन्ही वाटांच्या शेवटी काय होते ते त्याच्या घरातच दिसत होते.

आशोतने पहिली काही वर्षे बहुतेक घर सावरण्यातच घालवली. त्याने भाऊ अब्बास याला हाताशी धरले, फौज पुन्हा उभी केली आणि खलिफाविरुद्ध निशाण उभारले नाही. डिसेंबर 861 मध्ये मुतवक्किलला त्याच्याच तुर्की रक्षकांनी मारले आणि समर्रात गोंधळ माजला. पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा गादीवर आले आणि गेले. या धामधुमीत 862 मध्ये नवा सुभेदार अली इब्न याह्या अल-अर्मनी याने आशोतला 'सरदारांचा सरदार' ही पदवी दिली आणि सर्व आर्मेनियाच्या वसुलीची जबाबदारी सोपवली. ज्या सत्तेने बापाला परत येऊ दिले नाही, तिच्याच सुभेदाराकडून त्याने ती घेतली. याबद्दल त्याला नावे ठेवणारे त्या वेळीही असतील. मला स्वतःला वाटते की ती वस्त्रे अंगावर घेताना त्याला बाप आठवला असेलच, आणि तरीही त्याने ती घेतली, यातच त्याचे मोठेपण आहे. पण तुम्ही वेगळे मत धरलेत तर मी वाद घालणार नाही.

वसुली आपल्याच माणसाच्या हाती आली म्हणजे काय होते हे शेतकऱ्याला विचारावे. सुभेदाराचे शिपाई गावात येणे कमी झाले आणि ओसाड गावे पुन्हा वसू लागली. दुसरीकडे आशोतने लेकी दिल्या. सोफी आर्त्स्रुनी घराण्यात दिली, तर मरियम स्युनिकच्या सरदाराच्या घरी. ही दोन्ही बरोबरीची घराणी होती आणि उद्या आडवी येऊ शकणारी होती. तलवारीने जे जुळले नसते ते मांडवात जुळले, निदान त्याच्या हयातीपुरते.

अशी वीस-बावीस वर्षे गेली. मग सरदारांनी आणि आर्मेनियन चर्चचा प्रमुख गेवोर्ग याने मिळून खलिफा मुतमिदकडे विनंती केली की आशोतला राजा म्हणून मान्यता द्यावी. खलिफा नुकताच इराकच्या दक्षिणेतल्या जंज गुलामांच्या चौदा वर्षांच्या बंडातून सुटला होता. आर्मेनियाच्या पश्चिमेला रूमचे, म्हणजे बायझंटाइन साम्राज्य जोर धरत होते. असा शेजार असताना आर्मेनिया दुखावून चालणार नव्हते. अमीर ईसा इब्न अल-शेख याच्या हस्ते खलिफाचा मुकुट आला, आणि 884-885 च्या सुमारास बगारान येथे आशोतचा राज्याभिषेक झाला. हे कळताच रूमचा बादशहा बासिल यानेही आपला मुकुट पाठवला! ज्या घराण्याने शतकानुशतके दुसऱ्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवला, त्याच्या दारी एकाच वेळी दोन मुकुट आले.

राजा झाला तरी हिशेब बदलला नाही. खंडणी चालूच राहिली. त्याने स्वतःच्या नावाचे नाणे पाडले नाही. बाजारात खलिफाचाच दिरहम चाले. आशोत 890 मध्ये वारला आणि बगारानलाच त्याला पुरले.

मांडवात जुळवलेले पुढे विस्कटले. मुलगा सुंबात गादीवर बसला. अझरबैजानचा अमीर युसुफ याने 908 मध्ये आर्त्स्रुनी घराण्यातल्या गागिकला दुसरा मुकुट दिला. हा गागिक सोफीचा मुलगा, म्हणजे सुंबातचा सख्खा भाचा. मामाविरुद्ध भाचा उभा राहिला. पुढे भाच्याने युसुफची साथ सोडली, पण तोवर उशीर झाला होता. 914 मध्ये युसुफने सुंबातला हालहाल करून मारले. राज्य मात्र टिकले. 961 मध्ये राजधानी अनी या शहरी आली, आणि 1045 मध्ये ते शहर रूमच्या बादशहाने घेतले. जॉर्जियातली शाखा तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रशियाने मुलूख खालसा करीपर्यंत राज्य करीत होती.

आपल्या शजऱ्यांत लेकींची नावे नसतात. या घराण्याच्या जुन्या वंशावळींतही थोडीच आहेत. पण मरियमचे नाव राहिले आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने सेवान तलावातल्या एका बेटावर 874 मध्ये मठ उभारला, बाप राजा होण्याच्या दहा वर्षे आधी. त्यातल्या दोन लहान, काळपट दगडी इमारती अजून उभ्या आहेत. विसाव्या शतकात तलावाचे पाणी उतरवल्यामुळे ते आता बेट राहिलेले नाही. किनाऱ्यावरून तिथे चालत जाता येते.