टाचणीवाला जेन

पीएल म्हणजे अभ्यासाची सुट्टी. आमच्या रूमवर मात्र त्या सुट्टीत आरमारी युद्धाचा खेळ तयार झाला. पुठ्ठ्याची जहाजं, फरशीचा समुद्र आणि ल्युडोचा फासा. सहा पडले की समोरचं जहाज बुडालं! तीन दिवसांत कंटाळा आला. होडी असो की बॅटलशिप, सगळ्यांचं नशीब एकाच फाशाच्या हातात. रूम पार्टनर म्हणाला, मग तूच नीट नियम लिही ना. लिहायला बसलो आणि पहिल्याच प्रश्नावर अडकलो. गोळा लागला हे ठीक, पण लागला कुठे? इंजिनावर, तोफेवर, की भटारखान्यावर?

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला फ्रेड जेन भेटला. नाव ऐकल्यासारखं वाटतंय ना? कुठल्या देशाकडे किती युद्धनौका आहेत अशी बातमी आली की पेपरवाले ज्या 'जेन्स'चा हवाला देतात, तोच हा. मी तर कित्येक वर्षं जेन म्हणजे कुणी बाई असावी असं समजत होतो!

हा माणूस ६ ऑगस्ट १८६५ ला लंडनजवळच्या रिचमंडमध्ये जन्मला. वडील पाद्री. शाळा एक्सेटरची, आणि अभ्यासात आपल्या लास्ट बेंचवाल्यांच्या पंगतीत बसेल असा. १८८२ मध्ये ब्रिटिश आरमाराने इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरावर तोफा डागल्या, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्या बातम्यांनी त्याला जहाजांचं जे वेड लागलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. गंमत म्हणजे जन्मभर आरमारात जीव अडकलेला हा गडी आरमारात अधिकारी कधीच नव्हता. लंडनला माळ्यावरच्या खोलीत राहून तो मासिकांसाठी चित्रं काढायचा. नौदलाच्या सरावाची चित्रं काढायला जहाजावर जायची संधी मिळाली की स्वारी खूश. तिथे दिसेल त्या जहाजाचं स्केच वहीत जायचं. पोटासाठी विज्ञानकथांचीही चित्रं काढली. जॉर्ज ग्रिफिथच्या १८९३ च्या कादंबरीत आकाशातून लढणारी विमानं आहेत, ती जेनच्या हातची. राइट बंधूंना अजून दहा वर्षं अवकाश होता! स्वतःही कादंबऱ्या लिहिल्या. एकीत माणसं पाच सेकंदांत शुक्रावर पोचतात. त्यावर न बोललेलं बरं.

मुद्द्यावर येतो. १८९८ मध्ये त्याने आपला आरमारी खेळ बाजारात आणला. अमेरिकेच्या नेव्हल वॉर कॉलेजात असे खेळ त्याआधी दहा-एक वर्षं चालू होते, म्हणजे कल्पना एकट्या जेनची नव्हे. पण माझ्या अडलेल्या प्रश्नाचं त्याने काढलेलं उत्तर वाचलं आणि मी उडालोच. त्याने फासा बाजूला ठेवला. प्रत्येक जहाजाचं आडवं चित्र कार्डावर काढलं आणि त्याचे चौकोन पाडले. मारणाऱ्याच्या हातात एक लाकडी फटका दिला. फटक्याला टाचणी, पण ती मधोमध नाही, थोडी बाजूला. शत्रूच्या चित्रावर फटका हाणायचा आणि भोक कुठे पडलं ते बघायचं. पाण्यात पडलं तर नेम चुकला. तोफेवर पडलं तर तोफ गेली, इंजिनावर पडलं तर वेग कमी. संपलं! कुठे लागला या प्रश्नासाठी कोष्टक नको की गणित नको. टाचणी मध्यावर नसल्यामुळे नेम धरूनही हमखास लागेल याची खात्री नाही. हाताचं कौशल्यही आलं आणि नशीबही आलं.

मग पुढचा प्रश्न. गोळा लागला, पण आत घुसला का? त्यासाठी त्याने तोफांना आणि चिलखतांना अक्षरं दिली. तोफेचं अक्षर आणि चिलखताचं अक्षर जुळवून बघायचं, की कळलं गोळा आत जातो की बाहेरच फुटतो. नियम सोपा, पण तो चालवायला जगातल्या प्रत्येक युद्धनौकेचं चिलखत किती, तोफा कुठल्या, वेग किती हे माहीत पाहिजे. म्हणून जेनने त्याच वर्षी स्वतःच एक पुस्तक केलं, स्वतः काढलेल्या चित्रांसकट. त्याचं नाव 'ऑल द वर्ल्ड्स फायटिंग शिप्स'. आज सगळी आरमारं ज्याच्या वार्षिक आवृत्त्या बाळगतात ते 'जेन्स फायटिंग शिप्स' म्हणजे मुळात एका टेबलावरच्या खेळाचा डेटा! खेळ मागे पडला, डेटा राहिला.

त्याच्या बाकीच्या उद्योगांवर वेगळा लेख होईल. मोटार पळवणं, १९०६ मध्ये पोर्ट्समथमधून अपक्ष उभं राहून पडणं, १९०९ मध्ये व्हिक्टर ग्रेसन या समाजवादी खासदाराला सभेआधी चक्क गाडीत घालून पळवणं. आपल्या गॅदरिंगला असा माणूस हवा होता.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते त्सुशिमाने. जेनने १८९९ मध्ये रशियाच्या आरमारावर पुस्तक लिहिलं आणि १९०४ मध्ये जपानच्या. मे १९०५ मध्ये हीच दोन आरमारं खरोखर एकमेकांवर तुटून पडली. रशियाचं जवळजवळ सगळं आरमार बुडालं नाहीतर पकडलं गेलं. जपानची गेली ती फक्त तीन टॉर्पेडो बोटी. आता अक्षरं लावून बघा. रशियाच्या नव्या बॅटलशिप कागदावर काही लेच्यापेच्या नव्हत्या. पण बाल्टिकपासून अर्ध्या जगाला वळसा घालून आलेली दमलेली माणसं, कच्चा सराव, जहाजांत ठासून भरलेला कोळसा, याला अक्षर कुठलं देणार? पुढच्याच वर्षी आलेल्या त्याच्या पुस्तकात जेनचा सगळा भर जिंकण्याची लायकी असलेल्या माणसांवर आहे, यंत्रावर नाही. जन्मभर यंत्रांची यादी करणाऱ्याने हे लिहावं!

मला मात्र वाटतं, त्याला हे आधीपासून कळत होतं. नाहीतर फासा सोडून त्याने टाचणी का घेतली असती? फाशाला सराव चढत नाही, मनगटाला चढतो. पुढे १९४० मध्ये नियम छापणारा अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट हाही याच वाटेने गेला. त्याच्या खेळात तोफ डागणाऱ्याने अंतर नुसत्या डोळ्यांनी ओळखायचं.

८ मार्च १९१६ ला जेन पोर्ट्समथच्या साउथसी भागात घरी वारला. वय अवघं पन्नास. तीन महिन्यांच्या आतच जटलंडची लढाई झाली. त्याच्याच पुस्तकात नोंदलेल्या तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर तिथे दारूगोळ्याचा स्फोट होऊन उडाल्या. ती बातमी त्याने कशी घेतली असती, देव जाणे.

आमच्या रूमवर ल्युडोचा फासा परत डब्यात गेला. तुटक्या टेबल टेनिसच्या बॅटला टाचणी ठोकली, ग्राफ पेपरवर जहाजं काढली, खाली जुनी गादी घातली. पार्टनर डावखुरा आहे. पहिल्याच रात्री त्याने माझ्या सगळ्यात मोठ्या जहाजाचं सुकाणू उडवलं आणि ते रात्रभर गोल गोल फिरत राहिलं. सुकाणू गेल्यावर काय करायचं, याचा नियम मी अजून लिहितोय.